लांब हात की पक्के डाव: वॉकर, हचिन्सन आणि २०२२चा ड्राफ्ट

२८ एप्रिल २०२२ला लास व्हेगासमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नंबरानुसार कॉलेजचे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, सुरू झाला तेव्हा पहिला नंबर जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा होता. आदल्या हंगामात ते १७पैकी १४ सामने हरले होते. डावा टॅकल (क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, वाचवणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमधला टोकाचा खेळाडू) कॅम रॉबिन्सनशी त्यांनी ड्राफ्टच्या आदल्याच दिवशी तीन वर्षांचा करार केला, त्यामुळे पहिल्या नंबरावर ऑफेन्सिव्ह लाइनमन घेणार नाहीत हे जवळपास उघड होतं. उरला पास रशर, म्हणजे टॅकलला हरवून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू. मिशिगनचा एडन हचिन्सन घ्यायचा की जॉर्जियाचा ट्रेव्हॉन वॉकर? बरेच महिने सगळे हचिन्सनचं नाव धरून बसले होते. शेवटच्या आठवड्यात वारं फिरलं आणि जॅग्वार्सनी वॉकरला घेतलं. लगेच पुढच्या नंबरावर डेट्रॉइट लायन्सनी हचिन्सनला उचललं. ओरेगनचा पास रशर केव्हॉन थिबोडो पाचव्या नंबरावर न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला.

पास रशर तोलायचे कसे, हे शिकायला इतकं चांगलं प्रकरण क्वचित मिळतं. एकाच ड्राफ्टमधले, लागोपाठच्या नंबरांवर गेलेले, जवळपास एकाच वयाचे दोन खेळाडू. एकाकडे शरीर, दुसऱ्याकडे कामगिरी, असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. आमच्या मते ही मांडणीच चुकीची होती. हचिन्सनचं शरीर कमी नव्हतं आणि वॉकरची कामगिरी दिसते तितकी पोकळ नव्हती. खरा फरक एका जागी होता: पहिला डाव अडल्यावर पुढे काय?

मोजमापं

मार्चच्या सुरुवातीला इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, दोघांचीही मापं घेतली गेली. वॉकर ६ फूट ५ इंच, वजन २७२ पौंड, हात साडेपस्तीस इंच. ४० यार्ड ४.५१ सेकंदांत. लांब उडी १० फूट ३ इंच. २७२ पौंडांचा माणूस इतका वेगानं पळतो हे पाहून लोक अवाक झाले, आणि तो अचंबा रास्तच होता.

हचिन्सन ६ फूट ६ इंचांहून थोडा जास्त, २६० पौंड. ४० यार्डांना ४.७४ सेकंद लागले आणि लांब उडी ९ फूट ९ इंच भरली. हात मात्र ३२ इंचांच्या जेमतेम वर. म्हणजे वॉकरपेक्षा तीन इंचांहून जास्त आखूड.

इथवरचे आकडे वाचले तर निकाल लागल्यासारखा वाटतो. पण त्याच दिवशी आणखी दोन चाचण्या झाल्या. थ्री-कोनमध्ये हचिन्सनला ६.७३ सेकंद लागले, वॉकरला ६.८९. शॉर्ट शटलमध्ये, म्हणजे थोड्या अंतरात डावी-उजवीकडे पळायच्या चाचणीत, हचिन्सन ४.१५, वॉकर ४.३२.

पास रशरच्या कामाशी कुठली चाचणी जुळते ते पाहा. ४० यार्ड सरळ पळायची वेळ त्याच्यावर एखाद्या सामन्यात एकदाही येत नाही. शॉटगनमधला, म्हणजे सुरुवातीलाच लाइनपासून मागे उभा राहिलेला, क्वार्टरबॅक पास फेकताना साधारण ७ ते ९ यार्ड मागे असतो. रशरला पहिले तीन-चार यार्ड जोरात मारायचे असतात आणि मग टॅकलच्या बाहेरून कमानीसारखं वळून आत यायचं असतं. थ्री-कोनमध्ये पाच-पाच यार्डांवर काटकोनात तीन कोन मांडलेले असतात. खेळाडू पहिल्या दोन कोनांमध्ये ये-जा करतो, मग टोकाच्या कोनाला वळसा घालून परततो. त्या वळशात शरीर आतल्या बाजूला कलतं, घोटे वाकतात, पाय मात्र थांबत नाहीत. टॅकलच्या खांद्याला घासून वळण घेताना नेमकं हेच करावं लागतं. ४० यार्डांच्या वेळेतही कामाचे असतात ते पहिले १० यार्ड.

वॉकरची बाजूही सांगायला हवी. २७२ पौंडांवर ६.८९ ही उत्तम वेळ आहे, आणि १२ पौंडांचा फरक लक्षात घेतला तर चपळाईत दोघांमध्ये फार अंतर राहत नाही. म्हणून कम्बाइनच्या कागदावरून आम्ही इतकंच लिहू: दोघंही पहिल्या पाचात घेण्याच्या लायकीचे, एकाचा पल्ला असामान्य, दुसऱ्याचं वळण असामान्य.

हाताच्या लांबीचं महत्त्व खरं आहे. ज्याचा तळवा समोरच्याच्या छातीवर आधी टेकतो तो झुंजीची दिशा ठरवतो. खांदा फिरवून एक हात पुढे रोवला तर तो दोन हातांपेक्षा लांब पोचतो, म्हणून लाँग-आर्म हा डाव उंच, लांब हातांच्या रशरला सगळ्यात आधी शिकवतात. आखूड हातांच्या रशरला मात्र छातीच्या झुंजीत थांबून चालत नाही. त्याला टॅकलचे हात अंगाला लागायच्या आत झटकावे लागतात. म्हणजे त्याच्या फिल्ममध्ये (सामन्यांच्या चित्रीकरणात) हातांची वेळ बघायची. ती पक्की असेल तर तीन इंच फारसे नडत नाहीत. ती कच्ची असेल तर वेगही कामाला येत नाही.

वॉकरचे सॅक कमी का

जॉर्जियात तीन हंगामांत मिळून साडेनऊ. (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडणं; दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकी अर्धा.) २०२१मध्ये १५ सामन्यांत ६. पहिल्या नंबरावर गेलेल्या एज (लाइनच्या बाहेरच्या टोकाच्या) रशरसाठी हा आकडा फारच लहान आहे.

कारणं होती, आणि ती पटण्यासारखी होती. बचावाचा कोऑर्डिनेटर डॅन लॅनिंगच्या हाताखालच्या जॉर्जियाच्या त्या बचावानं २०२१मध्ये सामन्यामागे सरासरी १०.२ गुण दिले. त्या बचावातले पाच जण एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले: वॉकर, जॉर्डन डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्हॉन्टे वायट आणि लुइस सीन. इतके खेळाडू असले की आलटून-पालटून खेळवलं जातं. सामने लवकर निकाली लागतात आणि शेवटच्या क्वार्टरला, जेव्हा समोरचा संघ नुसते पास फेकत असतो, तेव्हा पहिल्या फळीतले बाहेर बसलेले असतात.

त्याहून मोठं कारण म्हणजे त्याची जागा. वॉकर बरेचदा टॅकलच्या अंगावर किंवा आतल्या खांद्यासमोर उभा राहायचा. तिथल्या माणसाचं पहिलं काम टॅकलला जागच्या जागी रोखणं, रन (चेंडू हातात घेऊन केलेली धाव) कुठून येतो ते वाचणं, आजूबाजूच्या फटी बुजवणं. ते झाल्यावर क्वार्टरबॅक. कधी त्याला मागे कव्हरेजमध्येही, म्हणजे पास झेलणाऱ्यांना रोखायला, पाठवलं जायचं, आणि त्या वजनाला तो ते फार सहज करायचा. अशा जागेवरून सॅकचा ढीग लागत नाही. रनविरुद्धची त्याची फिल्म तर आमच्या दृष्टीनं त्या वर्षीच्या सगळ्या एज खेळाडूंमध्ये सरस होती.

घोळ इथून पुढे होतो. ‘त्याला ते काम दिलंच नव्हतं’ या वाक्यानं सॅक कमी का, ते समजतं. पण काम दिलं तर तो ते करेल, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा काढावा लागतो: जेव्हा जेव्हा तो बाहेरच्या जागेवर उभा होता आणि त्याला सरळ क्वार्टरबॅकवर जायची मोकळीक होती, तेवढेच स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारी एकेक चाल) बाजूला काढायचे आणि तेवढ्यांचाच हिशोब करायचा. वॉकरचे असे स्नॅप पाहिले की एक गोष्ट वारंवार दिसते. पहिला धक्का जबरदस्त, टॅकल दोन पावलं मागे जातो. पण त्या टॅकलनं बूड खाली घेऊन पाय रोवले, की झुंज तिथेच थबकते. वॉकरचा दुसरा हात काही शोधत नाही. कुस्तीत एक डाव धरला की तो सुटण्याआधी पुढचा मनात तयार असावा लागतो, तसं इथे नव्हतं. ताकद होती, डाव-प्रतिडावांची साखळी नव्हती.

हचिन्सनची फिल्म

२०२०मध्ये इंडियानाविरुद्ध त्याचा घोटा मोडला आणि तो हंगाम तिथेच संपला. परत आल्यावर २०२१मध्ये १४ सॅक, मिशिगनचा एका हंगामातला विक्रम, आणि हाइझमनच्या, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात ब्राइस यंगच्या मागोमाग दुसरा. त्या वर्षी बचावाचा कोऑर्डिनेटर माइक मॅकडॉनल्ड होता. त्यानं हचिन्सनला बहुतेक वेळा बाहेर, मोकळ्या जागेवर उभं केलं. दुसऱ्या टोकाला डेव्हिड ओजाबो होता आणि त्याचेही ११ सॅक झाले. म्हणून हचिन्सनच्या आकड्यांतूनही काही वजावट करायलाच हवी. समोरच्या संघाला सगळी मदत एकाच बाजूला वळवता येत नव्हती. वॉकरला भूमिकेचा फायदा द्यायचा आणि हचिन्सनला साथीदाराचा तोटा लावायचा नाही, असं केलं तर तुलना एकीकडे झुकते.

२७ नोव्हेंबर २०२१चा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना मुद्दाम पाहावा. मिशिगन ४२-२७नं जिंकलं, हचिन्सननं ३ सॅक घेतले आणि त्यातच विक्रम मोडला. समोरचा डावा टॅकल निकोलस पेटी-फ्रेर पुढे तिसऱ्या फेरीत ड्राफ्ट झाला, म्हणजे समोर कुणी कच्चा नव्हता.

हचिन्सनचा क्रॉस-चॉप हळू करून बघितला तर असा उलगडतो. पहिली दोन पावलं लांब आणि सरळ, टॅकलच्या बाहेरच्या खांद्याच्या रोखानं. टॅकल मागे सरकत बाहेरचा हात पुढे काढतो. तिसऱ्या पावलाला हचिन्सनचा पलीकडचा हात आडवा येऊन टॅकलच्या मनगटावर वरून खाली पडतो. हात खाली गेला की टॅकलचा खांदाही उतरतो. त्याच क्षणी हचिन्सनची कंबर पुढे सरकलेली असते, जवळचा हात टॅकलच्या काखेखालून वर जातो आणि शरीर आत कलतं. हे तो अनेक वेळा करतो, मग टॅकल घाबरून आधीच बाहेर पळायला लागतो. तेव्हा तीच दोन पावलं टाकून तो आतल्या बाजूला गिरकी घेतो. पहिल्या डावानं दुसऱ्याची तयारी करून ठेवलेली असते. त्याच्या फिल्ममधली सगळ्यात मोलाची गोष्ट आम्हाला हीच वाटते.

आता दुसरी बाजू. ३१ डिसेंबर २०२१ला ऑरेंज बोलमध्ये मिशिगन जॉर्जियाकडून ३४-११नं हरलं. हचिन्सन आणि वॉकर दोघंही त्या मैदानावर होते, आणि हचिन्सनला एकही सॅक मिळाला नाही. त्याचे १४च्या १४ सॅक त्याआधी झालेले होते. चांगल्या टॅकलनी आपलं वजन वापरून त्याला दाबलं की त्याला त्रास होतो, ही शंका इथून आली आणि ती अहवालात लिहायलाच हवी होती. फक्त एका सामन्यावरून निकाल द्यायचा नाही, इतकंच.

मोजणी कशी करावी

प्रत्येक खेळाडूचे निदान पाच-सहा सामने पूर्ण पाहायचे. त्यात एक त्याचा सर्वोत्तम, एक सर्वांत वाईट, आणि निदान दोन असे की समोरचा टॅकल पुढे एनएफएलमध्ये गेला. नुसती सॅकची जोडलेली क्लिप पाहू नये, तिच्यात हरलेली झुंज नसतेच.

मग पासचे सगळे स्नॅप लिहून त्यातून गाळणी लावायची. स्क्रीन पास, म्हणजे रशरला मुद्दाम पुढे येऊ देऊन जवळच दिलेले पास, वगळा. ज्यात चेंडू दोन सेकंदांच्या आत सुटला ते वगळा, कारण तिथे कुणीच पोचत नाही. ज्यात रशरला कुणी अडवलंच नाही ते वगळा. ज्यात तो सहकाऱ्याला वाट करून द्यायला मुद्दाम आत घुसला ते वेगळ्या रकान्यात ठेवा. उरतात ते खरे रश, आणि हा आकडा एकूण पास स्नॅपच्या निम्म्यावरही येऊ शकतो.

प्रत्येक खऱ्या रशपुढे लिहायचं: कुठे उभा होता, टॅकल एकटा होता की त्याच्या मदतीला टाइट एंड किंवा रनिंग बॅक या सहकाऱ्यानं जाताजाता धक्का दिला, पहिला डाव कोणता, अडल्यावर दुसरा होता का, आणि स्नॅपपासून अडीच सेकंदांत तो टॅकलच्या पुढे निघाला का. चेंडू आधीच गेला असला तरी झुंज जिंकली म्हणून नोंदवायची. समजा एकाचे १०० खरे रश आणि १८ विजय, दुसऱ्याचे ४० आणि ७. सॅकमध्ये दुप्पट-तिप्पट फरक दिसेल, पण विजयाचं प्रमाण जवळपास सारखंच आहे. दुसऱ्या खेळाडूवर मात्र ४० रशच्या बळावर भाकीत करताना चुकण्याची जागा बरीच मोठी राहते, हे विसरायचं नाही. वॉकरची अडचण हीच होती. त्याचे खरे रशच थोडे होते.

सॅकही एका मापाचे नसतात. टॅकलला एकट्यानं, अडीच सेकंदांत हरवून घेतलेला सॅक वेगळा. पाच सेकंद कव्हरेजनं टिकून राहिल्यावर मिळालेला वेगळा. सहकाऱ्यानं हाकललेला क्वार्टरबॅक आयता अंगावर आला तो वेगळा. शिवाय सॅक गुच्छानं येतात. हचिन्सननं १४पैकी ३ एकाच दुपारी घेतले. पुढे २०२४मध्ये टॅम्पा बेविरुद्ध त्यानं एकाच सामन्यात साडेचार घेतले, आणि तो सामना लायन्स २०-१६नं हरले.

वयाचा मुद्दा तर या प्रकरणात फार विचित्र पद्धतीनं वापरला गेला. वॉकर तीन वर्षं खेळून आला, हचिन्सन चार. त्यावरून एकाला ‘अजून घडायचा आहे’ आणि दुसऱ्याला ‘घडून झालेला’ असं लेबल लागलं. हचिन्सनचा जन्म ९ ऑगस्ट २०००, वॉकरचा १८ डिसेंबर २०००. फरक सव्वाचार महिन्यांचा. थिबोडो १५ डिसेंबर २०००चा. जन्मतारीख हा अहवालातला पहिला रकाना असायला हवा. कॉलेजची वर्षं मोजून कुणाचं वय कळत नाही.

पैशाचा मुद्दा नव्हता. पहिल्या नंबराचा चार वर्षांचा करार सुमारे ३.७४ कोटी डॉलरचा, दुसऱ्याचा सुमारे ३.५७ कोटींचा.

जॅग्वार्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर ट्रेंट बाल्की यांच्याकडे एक जुना दाखला होता. २०११मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असताना त्यांनी लांब हातांच्या ऑल्डन स्मिथला सातव्या नंबरावर घेतलं, आणि त्यानं पहिल्या हंगामात १४, दुसऱ्यात साडेएकोणीस सॅक घेतले. वॉकरच्या वेळी स्मिथशी त्याच्या तुलनेची बरीच चर्चा झाली. पण स्मिथनं मिझुरीत २००९मध्ये, पहिल्याच हंगामात, साडेअकरा सॅक घेतलेले होते. लांब हातांसोबत पुरावाही होता. शरीर सारखं म्हणून खेळाडू सारखा, ही तुलना तिथेच लंगडी पडते.

मैदानावर

योगायोगानं दोघांची सुरुवात एकाच संघाविरुद्ध तपासता येते. ११ सप्टेंबर २०२२ला पहिल्याच सामन्यात वॉकरनं वॉशिंग्टनविरुद्ध एक सॅक आणि एक इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच झेलणं) घेतलं. आठवड्यानं हचिन्सननं त्याच वॉशिंग्टनविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच ३ सॅक घेतले. त्या वर्षाच्या शेवटी वॉकर साडेतीन सॅकवर होता, हचिन्सन साडेनऊ सॅक आणि ३ इंटरसेप्शनवर.

वॉकरच्या त्या वर्षाचं खापर केवळ त्याच्यावर फोडणं बरोबर नाही. जॉर्जियात आत झुंजणाऱ्या माणसाला जॅक्सनव्हिलनं ३-४ रचनेत (तीन लाइनमन, मागे चार लाइनबॅकर) बाहेरचा लाइनबॅकर केलं. म्हणजे जे काम त्यानं सर्वांत कमी केलं होतं तेच पूर्णवेळ दिलं, आणि तेही एनएफएलच्या टॅकलसमोर. २०२३मध्ये त्यानं १० सॅक घेतले. २०२४मध्ये बचावाचा नवा कोऑर्डिनेटर रायन नीलसननं रचना चार लाइनमनची केली, वॉकर हात जमिनीला टेकून एंडला खेळला आणि साडेदहापर्यंत गेला. लायन्सनी हचिन्सनला पहिल्या दिवसापासून ओळखीचं काम दिलं होतं. त्याचे २०२३मध्ये साडेअकरा झाले, आणि २०२४मध्ये पाच सामन्यांत साडेसात झाले असताना १३ ऑक्टोबरला डॅलसविरुद्ध सॅक घेतानाच त्याच्या डाव्या पायाची नडगी मोडली. थिबोडोचे या तीन हंगामांत ४, साडेअकरा आणि साडेपाच.

२०२४अखेरचा हिशोब: हचिन्सन ३९ सामन्यांत साडेअठ्ठावीस सॅक, वॉकर ४९ सामन्यांत २४. २०२५च्या एप्रिलमध्ये दोन्ही संघांनी आपापल्या खेळाडूच्या चार वर्षांच्या कराराला पाचवं वर्ष जोडायचा पर्याय घेतला, म्हणजे वॉकरला फुकट गेलेला पिक म्हणायला कुठलाच आधार नाही. पहिल्या नंबरावर हचिन्सन हवा होता, हे आमचं मत मात्र एप्रिल २०२२च्या फिल्मवरच उभं आहे. नंतरच्या आकड्यांशिवायही ते तसंच राहिलं असतं.

त्या एप्रिलमध्ये अहवालात या नोंदी पुरेशा होत्या. हचिन्सन: बाहेरच्या जागेवर पहिल्या दिवसापासून, दोन्ही बाजूंनी, जोडीचे डाव तयार, जड टॅकलसमोर छातीच्या झुंजीत अडकवू नये, घोट्याची वैद्यकीय तपासणी. वॉकर: पहिल्या दोन डाउनला (डाउन म्हणजे १० यार्ड पुढे सरकायला मिळणारी एकेक संधी) टॅकलच्या अंगावर, तिसऱ्या डाउनला आत सरकवून गार्डसमोर (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन), बाहेर उभं करायचं असेल तर लाँग-आर्म अडल्यावरचा एक डाव पहिल्या कॅम्पपासून घोटून घ्यायचा, आणि तो शिकवणारा लाइन कोच कोण, त्याचं नाव त्याच ओळीत लिहायचं.